पाटावर पाट

वस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तालमीतली आमच्या बरोबरची पोरं आता बाप झालीत, आणि तरी मला आज तुमच्याशीच बोलायचंय. मी कोण ते ओळखलंत ना? खाणावळवालीचा पोरगा. तुमच्या लंगोटांच्या दोरीला ज्याने खाजकुयली चोळली होती तो. शाळा सातवीतच सुटली, अक्षर तेव्हा होतं तसंच आहे, चुका दिसल्या तर सोडून द्या. आई तुरुंगात आहे. घाबरू नका, चोरीबिरी नाही, सत्याग्रह केलाय. खाणावळ सध्या मी चालवतोय. दुपारची पहिली पंगत उठून गेली, दुसरी गिरणी सुटली की येईल, मधल्या वेळात चुलीपाशी पाटावर बसून लिहितोय. आमटी खारट झालीय. पहिल्या पंगतीतला एक म्हातारा जाताना म्हणाला, “सरकारला सांगा, आईला सोडा आणि याला आत घ्या.”

तुम्ही होता तेव्हा हे काही नव्हतं. आता मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही यावरून सगळा लालबाग-परळ उठलाय. सकाळी दूधवाल्याच्या आधी घोषणा येतात. तुमच्या तालमीच्या खोलीत झेंडे आणि पत्रकांचे गठ्ठे पडलेत, तांबड्या मातीवर फळ्या टाकून माणसं झोपतात. आमच्या गल्लीतला एक जण गोळीने गेला. कामावरून घरी येत होता, एवढंच. त्यानंतर आई मोर्च्याला जायला लागली. मी म्हटलं, “तू कशाला? मी जातो.” तर म्हणाली, “तू जातस आणि टवाळक्या करून येतस.” ते खरं होतं.

पहिल्या खेपेला बायकांची तुकडी फोर्टात एका सरकारी कचेरीपुढे बसली. पोलिसांनी धरपकड केली आणि जाळीची गाडी मागे आणून लावली. त्या गाडीची पायरी उंच असते हे आपल्याला कुठून ठाऊक, आपण कधी चढलोय? बाकीच्या बायका एकमेकींचा हात धरून घोषणा देत चढल्या. आईने पाय वर ठेवला, पण मागून अंग येईना. तुम्ही बघितलेली आई आणि आत्ताची यात फरक आहे, वस्ताद. बाबा गेल्यापासून ती चुलीपुढून हललेली नाही. पन्नाशी दिसायला लागलीय, आणि अंग असं सुटलंय की पाटावरून उठताना एक हात जमिनीला आणि एक भिंतीला लागतो. तर शेवटी दोन शिपायांनी मागून हात लावून तिला आत लोटलं, तांदळाची गोण ट्रकात लोटतात तशी. एक जण म्हणाला, “मावशी, भाकऱ्या जरा कमी करा.” फूटपाथवरचे लोक हसले. आपलेच लोक. आत्ताच ज्यांनी तिच्याबरोबर घोषणा दिल्या होत्या ते. मी तिथं नव्हतो, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. आईने नाही सांगितलं. तिला संध्याकाळी सोडून दिलं, ती घरी आली, पदर खोचला आणि तांदूळ धुवायला बसली. त्या दिवशी तिने मला एकही शिवी दिली नाही, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आठवड्याने मला म्हणते, “मेल्या, वस्तादांकडे चार वर्सां गेलंस. काय शिकलंस, की नुसती लोकांची पायताणां लपवलंस?”

म्हटलं, “दोन्ही.”

“मग माका शिकव.”

मला वाटलं थट्टा करतेय. तिने हातातला डाव खाली ठेवला. “माका वजन उतरवूचा आसा. आणि पायात जोर व्हयो. पुढच्या खेपेक माका कोणी ढकलूक नको. मी माझ्या पायांनी चढतलंय.”

“पुढच्या खेपेला परत जाणार तू?”

“नायतर काय हयसर बसान तुझा तोंड बघू?”

आता सांगा, मी काय करणार होतो? तालमीत बाई न्यायची सोय नाही. तुम्ही तर डबा द्यायला आलेल्या बाईलासुद्धा उंबऱ्याच्या अलीकडून हाक मारायला लावायचात. म्हणजे जे करायचं ते घरात, दार लावून, दोन पंगतींच्या मध्ये. आणि शिकवणार कोण, तर मी. बदली कामगार, गिरणीने बोलावलं तर कामावर, नाहीतर नाक्यावर.

मला एकच ठाऊक होतं ते मी केलं. तुमचं. बैठका, आणि वर खुराक. दूध, तूप, भिजवलेले बदाम, केळी. बैठका तिला सुरवातीला अर्ध्याच जमायच्या, भिंतीच्या खुंटीला धरून. पण खुराक पूर्ण जमायचा. चाळीत बातमी फुटली की मावशी तब्येत सुधारतेय, आणि मग विचारू नका. वरच्या मजल्यावरून डिंकाचे लाडू आले. गावाहून आलेल्या एकाने आंबोळ्या आणि गूळ-खोबरं आणून दिलं. जो येईल तो म्हणे, व्यायाम करतेस तर खायला नको का? महिनाभराने आईने चोळीची गाठ मारायला घेतली तर दोन टोकं एकमेकांना भेटेनात. मला हाक मारली, “ये, बघ तुझी तालीम!” मी हसलो. तीपण हसली, पण मग मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, आणि त्यातली निम्मी घासलेलीच होती.

त्या दिवशी मी तुमच्यावर चिडलो होतो. म्हटलं, वस्तादांनी काय शिकवलं हे? मग नाक्यावर बसल्या बसल्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याकडे यायची ती पोरं कोण होती? आमच्यासारखी. पाठीवरून हात फिरवला तर मणके टोचायचे. तुमचा सगळा जन्म पोरांच्या हाडांवर मांस चढवण्यात गेला. उतरवायचं कसं हे विचारायला तुमच्याकडे कुणी आलंच नव्हतं, लालबागमध्ये असं होतं कोण? मला आठवलं, आई तुमच्या ताटात एक भाकरी जास्तीची ठेवायची आणि तुम्ही ती फडक्यात बांधून तालमीत न्यायचात, आम्हा पोरांना तुकडे करून द्यायचात. तुम्हाला वाटायचं तिला कळत नाही. ती मग दोन ठेवायला लागली. दुसरीसुद्धा तुम्ही बांधून न्यायचात.

मग मी चार लोकांना विचारायला लागलो. आईचे गुडघे दाखवायला तिला परळच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, वजन उतरवा, पण उपास काढू नका, उपासाने पाय बारीक होतील आणि पोट तसंच राहील, पायात ताकद येईल असं काहीतरी करा. काय ते नाही सांगितलं, बाहेर रांग होती. दादरला माझ्या सख्ख्या मावशीकडे गेलो. मावशीचे यजमान कचेरीत हेडक्लार्क, शिवाजी पार्काला रोज फिरायला जातात, बोलतात एकदम पुस्तकातलं. म्हणाले, “ताई, सूर्यनमस्कारासारखा व्यायाम नाही. पहाटे उठायचं, पूर्वेकडे तोंड करायचं.” आई म्हणाली, “भावोजी, आमच्या खोलीत पूर्वेक मोरी आसा.” तरी तिने केले. पहाटे चूल पेटायच्या आधी. तिसऱ्या दिवशी मी उठून बघतो तर ही जमिनीवर पालथी, दोन्ही हात छातीशी. मी घाबरून हलवलं. साष्टांग घालता घालता तिथेच झोपली होती. रात्री उशिरापर्यंत भांडी आणि पहाटे नमस्कार, बाई झोपणार नाही तर काय करणार?

त्यानंतर गिरगावातल्या एका मित्राने मला चोरबाजारातून स्प्रिंगांचं यंत्र आणून दिलं. दोन मुठी, मध्ये स्प्रिंगा, छातीपुढे ओढायचं. बरोबर एक कागद होता, त्यावर मिशीवाला गोरा, अंगात फक्त चड्डी. आईने कागद पालथा घातला. “ह्या मेल्याक देवासमोर कित्याक ठेवलंस?” मी तिला दाखवायला एक मूठ दाराच्या कडीत अडकवून ओढलं, कडी सुटली आणि सगळं यंत्र माझ्या नाकावर. ती इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. हसून झाल्यावर मात्र एक शहाणपणाचं बोलली. म्हणाली, “झिला, माका छाती फुगवूची नाय. माका गाडयेत चढूचा आसा.”

हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. चढायचंय, तर चढायलाच शिकायचं ना. मी दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीपाशी गेलो. जाळीची गाडी तिथं उभीच असते. मी गाडीच्या मागे गेलो, पायरीला पाय लावून उभा राहिलो आणि जिथवर पायरी येते तिथं लेंग्यावर खडूची रेघ मारली. हवालदाराने बघितलं. “ए, काय करतो रे तिथं?”

“साहेब, आई म्हणाली तू एक दिवस या गाडीत जाणार, म्हणून उंची बघून ठेवतो.”

तो हसला आणि म्हणाला, “चल निघ, तुझी आई शहाणी आहे.” मी पळालो. पायरी गुडघ्याच्या वर येत होती, वस्ताद. माझ्या गुडघ्याच्या. आई माझ्या खांद्याला लागते.

खाणावळीत पाटांना काय तोटा? पंगतीचे सगळे पाट भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. मी दोन पाट एकावर एक ठेवून सुतळीने करकचून बांधले आणि म्हटलं, चढ. एक पाय वर, मग दुसरा, मग खाली. तिला ते सोपं वाटलं. आठ-दहा दिवसांनी तिसरा पाट बांधला, मग चौथा. पाचव्या पाटाने उंची लेंग्यावरच्या खडूच्या रेघेला लागली, तिथं ती अडली. वर जाई, पण खाली येताना धाडकन पडे. खालच्या मजल्यावरची बाई दारात आली, “मावशी, मसाला कुटताय का?” आई धापा टाकत म्हणाली, “होय.” “मग माझ्यासाठी पण थोडा ठेवा हं.” झालं, संध्याकाळी आईला खरोखर मिरच्या भाजून मसाला कुटावा लागला. मला म्हणते, एका थापेपायी दोन व्यायाम झाले.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. त्या दिवसाचे तुम्ही, मी जड मुद्गल वरून सोडून दिला आणि मातीच्या हौदाच्या कडेची लादी फोडली तो दिवस. तुम्ही मारलं नाहीत. मुद्गल परत माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “लेका, उचललास त्याचं काय कौतुक, बैलपण ओढतो. आता खाली ठेव. मला आवाज आला नाही पाहिजे.” अंधार पडेपर्यंत माझ्याकडून ठेववून घेतलात. मी रडत होतो, आणि तुम्ही बाजूला बसून भिजवलेले चणे खात होता. शेवटी आवाज न होता ठेवला तेव्हा वाटीतले उरलेले चणे माझ्या ओंजळीत ओतलेत. दुसऱ्या दिवशी तुमच्या पाळीला मी तुमचा डबा घेऊन गिरणीत आलो, वॉचमनने आत सोडलं. तुम्ही बॉबिनची भरलेली पेटी खांद्यावरून उतरवत होता. चारी बाजूला कापड विणणाऱ्या साच्यांचा खडखडाट, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथं आवाज होतो की नाही हे कोण बघणार होतं? आणि तुम्ही ती पेटी अशी खाली टेकवलीत, जशी आत कुणाची तरी तान्ही पोर निजलीय. मी डबा हातात धरून बघत राहिलो.

तेच मी आईला सांगितलं. वर कशीही चढ, पण उतरताना हळू, खालच्या बाईला कळलं नाही पाहिजे. तिला माझं पटलं नसतं, म्हणून म्हटलं वस्ताद असंच करायला लावायचे. तुमचं नाव काढलं की ती पदर सारखा करते. उतरताना हळू यायला लागली आणि तिच्या मांड्या आठवडाभर अशा दुखल्या की भाकरी उभ्याने थापायची. पण मग पाय धरायला लागले. हातात रिकामी कळशी, मग अर्धी भरलेली. रोज नाही, एका दिवसाआड, कारण दुखरे पाय विश्रांती मागतात हे तिनेच ठरवलं. मी म्हटलं रोज कर, तर म्हणाली, गप बस, पाय माझे आसत.

आणि खाण्याचं. ती मुळात जेवतच नव्हती, वस्ताद. ती टोपं पुसत होती. सगळ्यांच्या पंगती झाल्या की टोपात उरलेला भात, खरवड, आमटीचा तळ, कुणाच्या वाटीतला हलवला न गेलेला घास, सगळं टाकवत नाही म्हणून पोटात. वर प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर घोटभर साखरेचा चहा. मी दोन गोष्टी केल्या. एक, तिला पहिल्या पंगतीला जेवायला बसवलं, गिऱ्हाइकांच्या आधी, ताट वाढून. भाकरी, मासे, भाजी, भात थोडा. खाणावळवाली पहिली जेवते म्हणून दोन जण फुगून बसले, मी त्यांच्या चहात मीठ घातलं, मग बोलले नाहीत. दुसरं, टोपं पुसायचं काम माझं. त्यामुळे तिची चोळी सैल पडायला लागली आणि माझा लेंगा घट्ट. पावसाळा संपेपर्यंत तिच्या चोळीच्या गाठीला बोटभर शेपूट राहायला लागलं. बारीक नाही झाली हो, मावशीचे यजमान बघून म्हणाले, “फारसा फरक दिसत नाही ताई.” पण ती त्यांच्यासमोर पाटावरून उठली, हात न टेकता, आणि चहा आणायला आत गेली.

परवा ती गेली. तुकडी परत फोर्टात. मी मागोमाग गेलो आणि समोरच्या फूटपाथवर उभा राहिलो, तिला दिसणार नाही असा. गल्लीतला तो गोळी लागलेला माणूस डोक्यातून जाईना. खरं म्हणजे खुराकाचा प्रकार फसला होता ना, तेव्हा मनातल्या मनात मला जरा बरंच वाटलं होतं, आता काय ही जात नाही. पण मग तिने मोरीत घासलेली भांडी परत घासली, तेव्हा नाही बरं वाटलं.

गाडी आली. त्याच चौकीची असेल, मला सगळ्या सारख्याच दिसतात. बायका उठल्या. आईचा नंबर आला.

संध्याकाळी चाळीत सगळे माझ्याभोवती गोळा झाले, बोल, बोल. मी सांगितलं, तिने पदर कमरेला खोचला. शिपाई पुढे आला, तर म्हणाली, “बाजूक हो, झिला.” उजवा पाय पायरीवर ठेवला, दांडीला हातसुद्धा लावला नाही, आणि झोकात वर. शिपायाचे हात तसेच हवेत. फूटपाथवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा सांगताना शिपायाने सलाम ठोकला. तिसऱ्यांदा इन्स्पेक्टरने टोपी काढली. काकू डोळे पुसत होत्या. काल खालच्या बाईने आणि वरच्या दोघींनी विचारलंय, वस्तादांचा तो पाटांचा प्रकार आम्हाला पण दाखव. तुमच्या नावाने लालबागमध्ये बायकांची तालीम सुरू होतेय, बघा. रागावू नका.

जिन्यावर पायांचा आवाज येतोय, दुसरी पंगत आली. तुमचा पत्ता कुणाकडे नाही, त्यामुळे हे काही टपालात पडणार नाही. म्हणून तेवढं लिहून टाकतो. तिने पाय उचलला आणि मी डोळे मिटले, वस्ताद. गच्च. कुणी हसतं का म्हणून कान लावून उभा होतो, घोषणांशिवाय काही ऐकू आलं नाही. उघडले तेव्हा ती वर उभी होती, शिपाई दोन हात लांब, आणि ती वाकून मागून चढणाऱ्या बाईला हात देत होती. ती कशी चढली ते मी बघितलेलंच नाही. चाळीत सांगतो ते सगळं माझ्या मनाचं आहे.